बोटभर फिरलेला नट

१

सकाळी शटर वर गेलं आणि ताई कोणाशी काही न बोलता थेट गाडीच्या उजव्या पुढच्या चाकाशी जाऊन उकिडवी बसली. मी कोपऱ्यात, जुन्या सीटच्या पसाऱ्यात, सुईत दोरा ओवत होतो. तिच्या पाठीकडे बघूनच मला कळलं होतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"फिरला?"

"फिरला. बोटभर."

ही सलग चौथी सकाळ होती.

वर्कशॉप ताईचं, माझं काम गाड्यांच्या गाद्या शिवण्याचं. गाडी वर्कशॉपात आली की मी आधी तिचं आतलं सगळं उसवून ठेवतो, म्हणून इथे मला उसवणकर म्हणतात. खरं आडनाव माझ्या बायकोलाही आठवत असेल की नाही, शंका आहे. गादीवाल्याची बैठक जमिनीवर असते, आणि जमिनीवर बसणाऱ्याला गाडीची चाकं इतरांपेक्षा जास्त दिसतात. म्हणून ही हकीगत मी सांगतोय.

गाडी दोन माणसांची, राखी रंगाची, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्या कारखान्याने अशा अकराच बनवल्या आणि मग कारखान्यालाच टाळं लागलं. तिच्या चाकाला चार-पाच बोल्ट नसतात. मधोमध एकच मोठा नट, त्याला दोन कान. तांब्याच्या हातोडीने कानावर ठोकलं की नट आवळला जातो. मग नटावरून चाकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर आहे. रेघ तुटली की समजायचं, फिरला.

सव्वीस वर्षांपूर्वी डोंगरावरच्या रस्त्याच्या शर्यतीत, तिसऱ्या वळणावर, हेच उजवं पुढचं चाक निघून गेलं होतं. गाडी चालवणारे, ज्यांना सगळे थोरले म्हणायचे ते, जागीच गेले. नट रस्त्यात सापडला तो आटे शाबूत असलेला, म्हणजे तुटला नव्हता, उलगडत गेला होता. चौकशीत ठरलं की मेकॅनिक नट ठोकायला विसरला. मेकॅनिक म्हणजे उस्ताद, आमच्या ताईचे वडील.

त्यानंतर उस्तादांनी शर्यतीच्या गाडीला हात लावला नाही. घरामागच्या खोलीत पाण्याचे पंप दुरुस्त करतात. रोज दुपारी ताईचा डबा घेऊन येतात, शटरच्या बाहेर उभे राहतात आणि हात लांब करून डबा आत ठेवतात. उभे असताना त्यांचा उजवा हात मांडीवर पडत असतो. तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा तीनदा. त्यांचं त्यांना ते कळत नसावं.

आता थोरल्यांचे भाऊ हीच गाडी पुन्हा उभी करून, त्याच रस्त्यावर, त्याच सतरा नंबरने पळवणार होते. वय पंचेचाळीस, केस पिकलेले, पेशाने दातांचे डॉक्टर, पण सगळे त्यांना अजून धाकटे म्हणतात. शहरात या कामाचं दुसरं वर्कशॉप नव्हतं म्हणून ते नाइलाजाने ताईकडे आले. ताईने हे काम घेतलं ते वेगळ्याच आशेने. या गाडीत कुठेतरी बाबांच्या बाजूचं काहीतरी सापडेल, असं तिच्या मनात होतं, आणि ते तिने मला एकदा सांगितलंही होतं. सापडलं काय, तर रोज सकाळी सैल झालेला नट.

थोरलेच येऊन फिरवतात, असं शेजारपाजारचे लोक म्हणायला लागले होते. मी हसण्यावारी नेत होतो, पण शटर उघडल्यावर पहिल्यांदा आत जायचं मी टाळत होतो, हेही खरं.

धाकटे त्या सकाळी आले, वाकून रेघ बघितली आणि सरळ उभे राहिले.

"रात्री शटर बंद असतं. किल्ली तुमच्याकडे असते," ते ताईला म्हणाले. "बापाने एकदा केलं. आता मुलगी करतेय."

ताईच्या हातातून रंगाचा ब्रश खाली पडला.

"मी तपासनीस बाईंना बोलावलंय," धाकटे म्हणाले. "शनिवारच्या शर्यतीआधी काय तो निकाल लागेल."

२

तपासनीस बाई म्हणजे शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्या. त्यांची सही नसेल तर गाडी सुरुवातीच्या रेषेवरही उभी राहू शकत नाही. साठीच्या, बुटक्या, काठीला जोडलेला छोटा आरसा हातात, काखेत एक जुनी फाइल. बोलताना त्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "अंगठ्याला टाका घालून घ्या, सुई पार आत गेलीय." मी बघितलं तर खरंच रक्त येत होतं.

ताईला त्यांनी आधी किल्ल्यांचं विचारलं. एक ताईकडे, दुसरी धाकट्यांची, ती वहिनींच्या घरी खुंटीला. वहिनी म्हणजे थोरल्यांची बायको.

"संध्याकाळी काय करता ते क्रमाने सांगा."

"चारही नट ठोकते. रेघा ओढते. मागच्या गोल रस्त्यावर दहा फेऱ्या मारते. परत आणून उभी करते आणि शटर ओढते."

"परत आल्यावर नट बघत नाही?"

"नाही. चाक तापलेलं असताना नटाला हात लावायचा नाही, सकाळी थंड झाल्यावर बघायचं. बाबांचा नियम आहे, सगळ्या गाड्यांना."

"ठोकून दाखवा."

ताईने ठोकून दाखवलं. हे मी रोज बघत होतो. मागच्या चाकाला ती नटाचा वरचा कान गाडीच्या मागच्या बाजूला ठोकायची आणि पुढच्या चाकाला पुढच्या बाजूला.

"कसं ठरवता, कुठल्या बाजूला?"

"नटावर उघडायच्या दिशेचा बाण आहे. त्याच्या उलट ठोकायचं. बाणाशेजारची अक्षरं हातोड्या खाऊन झिजलीत. पण लक्षात ठेवायला सोपं आहे. पुढचं पुढे, मागचं मागे."

"उस्तादांनी शिकवलं?"

"बाबा या गाडीबद्दल बोलत नाहीत," ताई म्हणाली. "असले कानाचे नट मी पहिल्यांदाच हाताळतेय."

"बाकीचे तीन कधी फिरले?"

"मागचे कधीच नाही. पुढच्या डावीकडची रेघ जराशी तडकते, केसभर. रंगाचा डबा जुना आहे."

बाईंनी मान हलवली आणि फोटो मागितले. धाकट्यांची अट होती की जो तुकडा जिथून निघाला तिथेच परत बसला पाहिजे, स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे होता कामा नये. म्हणून ताईने गाडी उघडताना एकेका तुकड्याला चिठ्ठी बांधली होती आणि चारशेवर फोटो काढले होते. बाई एका फोटोवर थांबल्या. ज्या गोल लोखंडी तुकड्यावर चाक चढतं त्याला हब म्हणतात. त्या पुढच्या हबच्या आत काळंपिवळं ग्रीस काठोकाठ कोंबलेलं होतं.

"हे बाबांचं काम नाही," ताई पटकन म्हणाली. "बाबा तिसरा हिस्साच भरतात. जास्त भरलं तर आतलं बेअरिंग तापतं. अपघातानंतर कोणीतरी भरलं असेल."

"अपघातानंतर गाडी कुठे होती?"

"वहिनींच्या शेडमध्ये. ताडपत्रीखाली."

"मग मोडक्या गाडीला ग्रीस कोण कशाला भरेल?"

मी सुई खाली ठेवून फोटोत डोकावलो. हब निसटू नये म्हणून आत एक बारीक दुपायी पिन असते. तिचे दोन्ही पाय सुबकपणे गोल वळवले होते, कानातल्या डुलासारखे.

"उस्ताद अशी पिन वळवतात?" बाईंनी विचारलं.

"नाही. एक पाय तोडतात, दुसरा ठोकून चपटा करतात."

"टाका बघून शिवणारा ओळखू येतो," मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

३

वहिनी रोज दुपारी यायच्या. गाडीपासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसायच्या, बोलायच्या नाहीत. अंगावर फिकट कपडे, हातात मिटलेली छत्री, ऊन असो नसो. त्या बसल्या असल्या की माझी शिवण हमखास वाकडी जायची.

"तुम्हाला ही शर्यत नको आहे," बाई म्हणाल्या.

"नको आहे. धाकटा दहा वर्षांचा होता मी या घरात आले तेव्हा. त्याला मी वाढवलंय. त्याने त्या सीटवर बसू नये, म्हणून मी त्याच्या पाया पडायलाही तयार होते." वहिनींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "किल्ली माझ्याच घरी असते, हे मला ठाऊक आहे. पण त्या चाकाला हात लावायचं माझ्यात धैर्य नाही. तुम्ही म्हणालात तरी लावणार नाही."

"त्या दिवसाचं काही आठवतं?"

"सगळंच आठवतं, हीच तर अडचण आहे. आदल्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, पुढची चाकं कोरडी बोलतायत, सकाळी उस्तादांना सांगायला हवं. आणि सकाळी गाडी ढकलत बाहेर काढली तेव्हा म्हणाले, आज लोण्यासारखी चाललीय. मला वाटलं, उस्ताद पहाटेच येऊन गेले असतील. किती खूश होते."

"उस्ताद आले होते?"

"ते थेट शर्यतीच्या ठिकाणी आले. आदल्या दिवशी त्यांच्या मुलीला ताप होता, दुपारची तपासणी झाल्यावर ते घरीच गेले होते."

ताई रंगाचा डबा ढवळत होती. तिचा हात थांबला. आपल्याच तापामुळे बाबा त्या संध्याकाळी गाडीजवळ नव्हते, हे तिला तेव्हाच कळलं.

बाईंचं धाकट्यांशी बोलणं झालं तेव्हा ते सतरा नंबरची पाटी गाडीच्या तोंडाला तारेने बांधत होते. हात कसलेले, दातवाल्याचे. तारेची टोकं त्यांनी पकडीने दोनदा गोल वळवून आत घेतली.

"उघडं टोक ठेवलं की कोणाचा तरी हात फाटतो," ते म्हणाले. "मी शाळेत असताना वहिनीचा फाडलाय. त्या दिवसापासून सवय लागली."

"चौकशीत तुम्ही लिहून दिलंय की उस्तादांना हातोडी उचलताना तुम्ही पाहिलं नाही."

"नाही पाहिलं."

"तुम्ही कुठे बघत होतात?"

धाकट्यांनी पकड खाली ठेवली. "दादाकडे," ते म्हणाले.

"गाडी अगदी होती तशीच उभी करायची, असं का?"

"कारण ती गाडी चांगली होती. दादाला गाडीने मारलं नाही, माणसाने मारलं. मला ते सगळ्यांना दाखवायचंय."

बाहेर उस्ताद डबा घेऊन उभे होते. त्यांनी हे ऐकलं. डबा आत ठेवला आणि गेले.

४

त्या संध्याकाळी ताई फेऱ्या मारून आली, गाडी जागेवर उभी राहिली, आणि बाईंनी स्वतः शटर ओढलं. शटरच्या कडीत तार ओवून तिला शिशाचं सील दाबलं. मागच्या दारालाही तसंच. दोन्ही किल्ल्या त्यांनी आपल्या पिशवीत टाकल्या.

"आता ज्याला नट फिरवायचाय त्याला भिंतीतून जावं लागेल," त्या म्हणाल्या.

सकाळी आम्ही सगळे हजर. धाकटे, वहिनी, ताई, मी. रस्त्याच्या पलीकडे उस्ताद, त्या दिवशी डब्याची वेळ नसतानाही. बाईंनी सील भिंगाखाली धरलं. अखंड. मागच्या दाराचंही अखंड. खिडक्यांचे गज जागेवर, त्यांच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

शटर वर गेलं. ताई आत गेली नाही. तिच्याऐवजी मी गेलो आणि उजव्या पुढच्या चाकाशी वाकलो.

रेघ तुटली होती. बोटभर.

वहिनींनी खुर्चीचा आधार घेतला. "मी सांगत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांना नकोय." धाकट्यांना आता ताईवर आळ घ्यायचीही सोय उरली नव्हती, आणि कोणालाच त्याचं बरं वाटलं नाही.

फक्त तपासनीस बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"उसवणकर," त्या म्हणाल्या, "आता डावीकडचं बघा."

५

डावीकडची रेघ ताईने सांगितली तशी केसभर तडकली होती. बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं. रंग तडकला असता तर चीर वेडीवाकडी गेली असती. ही चीर नटाच्या कडेने नीट गेली होती आणि रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले होते.

"हाही फिरतो," मी म्हणालो.

"थोडा कमी. त्या गोल रस्त्यावर गाडी सतत डावीकडे वळते, भार उजव्या चाकावर पडतो." बाई माझ्याच सीटच्या ढिगावर बसल्या. "माणूस उजव्या चाकाने मेला, म्हणून तुम्ही सगळ्यांनी भूतही उजव्याच चाकावर बसवलंत. डावीकडे बघायची कोणाला गरजच वाटली नाही."

त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट बदलली. ताईने नट ठोकले, रेघा ओढल्या, पण फेऱ्या मारल्या नाहीत. गाडी जागची हलली नाही. सील पुन्हा लागलं.

दुसऱ्या सकाळी चारही रेघा सरळ होत्या.

"भूत रजेवर गेलं वाटतं," मी म्हणालो. हसू मात्र आलं नाही, कारण मलाही आता कळायला लागलं होतं. रात्री कोणी येतच नव्हतं. नट फेऱ्यांमध्ये फिरत होता, आणि आम्ही तो सकाळी बघत होतो. मधली रात्र आम्ही आमच्या मनाने भरून काढली होती.

"पण मी ठोकलेला नट का फिरेल?" ताई म्हणाली. "मी जीव खाऊन ठोकते."

बाईंनी फाइल उघडली. "हेच वाक्य इथे सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "उस्तादांना आत बोलवा."

६

उस्ताद शटरच्या रेषेवर अडले. पाऊल उचलायचे, पुन्हा तिथेच ठेवायचे. शेवटी ताई गेली आणि तिने त्यांचा हात धरला, मांडीवर पडणारा तोच हात. ते आत आले. गाडीकडे त्यांनी बघितलं नाही.

"शर्यतीच्या सकाळी काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"ठोकलं. तीन घाव."

"आणि?"

"लिहून दिलंय की तेव्हाच. नट बोटभर फिरला. मला वाटलं, सैल राहिला होता, बरं झालं ठोकला."

बाई धाकट्यांकडे वळल्या. "चौकशीवाल्यांना वाटलं, हा माणूस आपली कातडी वाचवायला रचून सांगतोय. पण कातडी वाचवायची असती तर तो म्हणाला असता, नट घट्ट होता, जागचा हलला नाही. फिरला असं कोण कशाला रचून सांगेल? म्हणून मी ते खरं धरलं." त्यांनी तांब्याची हातोडी उस्तादांपुढे धरली. "ठोका. जसं तेव्हा ठोकलंत तसंच. घाव मात्र मारू नका, नुसता हात उचला."

उस्तादांनी हातोडी घेतली. सव्वीस वर्षांनी घेतली, पण हाताला काही शिकवावं लागलं नाही. ते उजव्या पुढच्या चाकाशी बसले आणि हातोडी नटाच्या वरच्या कानापुढे आली, कान गाडीच्या मागच्या बाजूला जाईल अशी.

"बाबा, ती उघडायची बाजू आहे," ताई म्हणाली.

"वरचा कान मागे," उस्ताद म्हणाले. "डावं असो, उजवं असो, पुढचं असो, मागचं असो. या गाडीत सगळे मागे. चाक पुढे धावतं तसा नट मागे आवळत जातो. म्हणून तर दोन बाजूंना आटे उलटसुलट कापलेत." मग त्यांनी चष्मा वर केला आणि नटावरचा बाण बघितला. बराच वेळ बघितला. उठून पलीकडे गेले, डाव्या चाकाचा बाण बघितला. परत आले.

"हब उलटेत," ते म्हणाले. "डावा उजवीकडे बसलाय आणि उजवा डावीकडे."

ताई मटकन खाली बसली. "मी बसवले. चिठ्ठीप्रमाणे बसवले."

"चिठ्ठी बरोबरच होती," बाई म्हणाल्या. "निघाले तिथेच बसवलेत तुम्ही. ते चुकीच्या जागेवरूनच निघाले होते. तुम्ही गाडीबरोबर अपघातही जसाच्या तसा दुरुस्त करून ठेवलात."

बाईंनी फाइलमधला एक कागद वर धरला.

"आदल्या दुपारच्या तपासणीत शेरा आहे, चारही नट मागे आवळतात. म्हणजे दुपारी हब आपापल्या जागी होते. संध्याकाळी थोरले म्हणाले, चाकं कोरडी बोलतायत. सकाळी तीच चाकं लोण्यासारखी चालली. मधे कोणीतरी ग्रीस भरलं. उस्ताद नाही, ते घरी होते, आणि त्यांनी इतकं कोंबलं नसतं. नवशिक्याने भरलं. मुरलेला माणूस एक चाक मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. नवशिका दोन्ही हब शेजारी-शेजारी ठेवून पुसतो, आणि ते दोन्ही दिसायला सारखेच असतात. मग त्याने बाण बघून नट नीट आवळले. आणि सकाळी उस्तादांनी, सवयीप्रमाणे, बाणाकडे न बघता, मागे तीन घाव घातले."

"कोणीतरी मारायला केलं," वहिनी म्हणाल्या.

"नाही. मारायला केलं असतं, तर त्या माणसाने ही गाडी पुन्हा कोणाला उघडू दिली नसती. आणि उघडायला देऊन वर, होतं तस्संच बसवा, असा हट्ट तर मुळीच धरला नसता. ज्याने केलं त्याला अजूनही ठाऊक नव्हतं." बाईंनी पिनचा फोटो सतरा नंबरच्या पाटीशेजारी धरला. पिनचे पाय आणि तारेची टोकं, दोन्ही एकाच हाताने वळवलेली दिसत होती. "आत्तापर्यंत."

धाकटे पाटीच्या तारेकडे बघत राहिले. मग त्यांनी ती टोकं बोटाने चाचपली, जणू ती दुसऱ्याच कोणी वळवली होती.

"दादा मला गाडीला हात लावू द्यायचा नाही," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांचा होतो मी. म्हटलं, एक काम तरी आपल्या हातचं असू दे. वर पोचल्यावर सांगणार होतो, ग्रीस मी भरलं. सुरुवातीला उभा होतो तेव्हा तेच मनात घोळवत होतो, कसं सांगायचं. म्हणून उस्तादांकडे माझं लक्षच नव्हतं. आणि मी लिहून दिलं की पाहिलं नाही."

"बेसिनवर काळ्या बोटांचे ठसे होते," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "मी पुसले. मला वाटलं, तू सायकल दुरुस्त केली असशील."

धाकटे उस्तादांसमोर जाऊन उभे राहिले. उस्ताद त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते हातातल्या हातोडीकडे बघत होते.

"म्हणजे मी ठोकलं होतं," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

"पहिली दोनेक वर्षं मला पक्कं ठाऊक होतं, मी ठोकलंय. मग सगळे इतकं म्हणायला लागले, की मला ते स्वप्नात पाहिल्यासारखं वाटायला लागलं. पुढेपुढे मीच म्हणायला लागलो, विसरलो असेन. घरी एकटा असलो की हात करून बघायचो, की असं केलं होतं का." ते थांबले. मग जे आम्हा सगळ्यांना दोन मिनिटांपूर्वीच कळलं होतं, ते त्यांना कळलं. ते चेहऱ्यावर दिसलं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. "आणि मीच सैल केला. विसरलो असतो तर..."

"बाबा," ताई म्हणाली.

"तर चाक तरीही सैल होत गेलं असतं," बाई म्हणाल्या. "वर पोचेपर्यंत टिकलं असतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. खोटा दिलासा मी देत नाही."

उस्तादांनी मान हलवली. बराच वेळ ते चाकाशी बसून होते. ताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून रडत होती. तिला जे सापडायला हवं होतं ते सापडलं होतं, आणि ते घेऊन काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं. मग उस्तादांनी हातोडी खाली ठेवली आणि बाह्या वर केल्या.

"हब बदलून घेऊ," ते धाकट्यांना म्हणाले. "तुम्ही ग्रीस भरा. तिसरा हिस्सा. आणि एका वेळी एकच चाक."

७

शनिवारी सुरुवातीच्या रेषेवर बाईंनी कागदावर सही केली. जुन्या फाइलच्या शेवटच्या पानावरही त्यांनी एक टीप लिहिली आणि आधी उस्तादांना वाचायला दिली. टिपेत दोनच गोष्टी होत्या. हब आदल्या संध्याकाळी उलटे बसले होते, ते धाकट्यांच्या हातून, नकळत. आणि मेकॅनिकने नट ठोकला होता. उस्तादांनी ते वाचलं आणि विचारलं, "फिरला होता, हे नाही लिहिलं?" बाईंनी कागद परत घेतला आणि तेही लिहिलं.

वहिनी आल्या होत्या. धाकटे सीटवर बसले तेव्हा त्यांनी त्यांच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः लावला, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या शर्टाचं बटण लावतात तसा. मी शिवलेली सीट त्यांना नीट बसली की नाही ते बघायच्या बहाण्याने मी जवळच उभा होतो.

"उस्ताद, ठोकाल?" धाकट्यांनी विचारलं.

उस्ताद वाकले. आधी बाण बघितला, मग दुसऱ्यांदा बघितला. वरचा कान मागे, तीन घाव. मग नटावर बोट ठेवलं, पिवळी रेघ बघितली, आणि धाकट्यांकडे न बघता म्हणाले, "हलला नाही."

गाडी सुटली. दोन वळणं दिसतात, पुढचा रस्ता डोंगराआड जातो, तिथून नुसता आवाज येतो. उस्ताद रस्त्याकडे तोंड करून उभे होते. त्यांचा उजवा हात मांडीवर पडायला लागला. तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा तीनदा. तिसऱ्या वळणाशी गाडीचा आवाज खाली आला, जरा अडखळला, आणि पुन्हा चढला. ताईने डोळे मिटून घेतले होते. मग वरून वायरलेसवर कोणीतरी सांगितलं, सतरा नंबर पोचला.

तेव्हा उस्तादांचा हात थांबला. त्यांनी तो वर धरून पालथा-उताणा करून बघितला आणि ताईच्या खांद्यावर ठेवला.